दाबाखाली क्युरी तापमान कसं मोजायचं: गॅडोलिनियम आणि निकेल-मँगनीज-टिन

क्युरी तापमान म्हणजे ज्याच्या वर धातू लोखंडासारखं ठळक चुंबकत्व (फेरोमॅग्नेटिझम) गमावतो ते तापमान; दाबाने ते सरकतं. चुंबकीय धातूंवर उच्च दाबाचा प्रयोग म्हटलं की द्रव हिलियम, महागडं मॅग्नेटोमीटर आणि हिऱ्याचा सेल (सॅम्पल दाबून धरणारं साधन) डोळ्यांसमोर येतो, आणि एमएस्सीचा बराचसा प्रोजेक्ट तिथेच थांबतो. थांबायचं काही कारण नाही. सॅम्पल नीट निवडलं तर १ गिगापास्कलपर्यंतचं, म्हणजे वातावरणाच्या साधारण दहा हजार पटींपर्यंतचं काम बर्फाच्या पाण्यात आणि गरम पाण्यात होतं. लागणारी यंत्रसामग्री म्हणजे १० टनी हात-प्रेस, बारीक संकेत वेचणारा लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर, चार तारांनी रोध मोजणारा मीटर आणि ठरलेल्या तापमानाचं द्रव फिरवणारा एक सर्क्युलेटर. सेल नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या चांगल्या टूल रूममध्ये बनवून घेता येतो.

दोन सॅम्पल घ्या. पहिलं शुद्ध गॅडोलिनियम. त्याचं क्युरी तापमान २९३ केल्विन, म्हणजे २० अंश सेल्सिअस, आणि दाबाने ते खाली येतं. दुसरं निकेल-मँगनीज-टिन, अणूंचं प्रमाण २:१:१. हे ह्यूस्लर संयुग आहे, म्हणजे ठरावीक जाळीत बसलेला तीन धातूंचा मिश्रधातू. त्याचं क्युरी तापमान ७० अंशांच्या आसपास असतं आणि दाबाने वर जातं. एकाच सेलमध्ये, एकाच कॉइलवर एक सॅम्पल खाली आणि दुसरं वर सरकलं, तर दिसणारा बदल सेलच्या दोषातून आलेला नाही अशी चांगली खात्री पटते. म्हणून एकट्या गॅडोलिनियमवर समाधान मानू नका.

गॅडोलिनियमची पहिली तपासणी अगदी सोपी आहे. मे महिन्यात नागपुरात खोली ४० अंशांवर असताना तुकडा चुंबकाला चिकटत नाही. दोऱ्याला बांधून पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात धरा, बाहेर काढून लगेच चुंबकाजवळ न्या, झटक्याने चिकटेल. थंड करूनही ओढ कमजोर वाटली तर पृष्ठभागावर ऑक्साइड आहे किंवा माल शुद्ध नाही.

संयुग बनवणं

५ ग्रॅम निकेल-मँगनीज-टिनसाठी निकेल २.०१६७ ग्रॅम, मँगनीज ०.९४३८ ग्रॅम आणि टिन २.०३९५ ग्रॅम लागतं. आर्क फर्नेसमध्ये मँगनीज वाफ होऊन उडतं, म्हणून ते १ टक्का जादा, साधारण ९ मिलिग्रॅम अधिक घ्या. मँगनीजच्या तुकड्यांवर तपकिरी ऑक्साइडचा थर असतो. विरल नायट्रिक आम्लात काही सेकंद बुडवून, पाणी आणि अल्कोहोलने धुऊन, वाळवून मगच वजन करा. आधी वजन करून नंतर धुतलं तर प्रमाण बिघडलेलंच असतं.

आर्गॉनमध्ये गोळी उलटून-पालटून चार वेळा वितळवा आणि शेवटी तिचं वजन करा. घट झाली असेल तर ती जवळजवळ सगळी मँगनीजची धरा. जादा घातलेल्या ९ मिलिग्रॅमपेक्षा ती बरीच जास्त असेल तर गोळी बाजूला ठेवून नवी करा. मग निर्वात क्वार्ट्झ नळीत बंद करून ८०० अंशांवर तीन दिवस ठेवा आणि पाण्यात विझवा. हा टप्पा गाळला तर मँगनीज आणि टिनचे अणू जागा बदलून बसलेले राहतात आणि संक्रमण पसरट येतं. क्ष-किरण चित्रात घनाकार जाळीची बाजू ६.०५ अँगस्ट्रॉमच्या आसपास मिळायला हवी.

दोन्ही पदार्थांच्या १ × १ × ३ मिलिमीटरच्या कांड्या कापा. आकार सारखाच ठेवा. फेरोमॅग्नेटचा संकेत त्याच्या आकाराने मर्यादित होतो, त्यामुळे बसका तुकडा आणि लांब कांडी यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. हळू फिरणाऱ्या डायमंड ब्लेडने, भरपूर तेल सोडून कापा. घाईने कापलेल्या कांडीत ताण राहतो.

सेल

सिलिंडर बेरिलियम-कॉपरचा घ्या, सी१७२०० ग्रेड. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, बोअर ५ मिलिमीटर, लांबी ६० मिलिमीटर, दोन्ही टोकांना एम१६ × १.५ चे आटे आणि लॉकनट. माल मऊ अवस्थेत टर्न करायचा आणि मग ३१५ अंशांवर ३ तास ठेवून कडक करायचा. कडक होताना तो सुमारे ०.२ टक्के आखडतो, म्हणजे ५ मिलिमीटरच्या बोअरला १० मायक्रॉन. म्हणून बोअर आधी ४.९७ वर ठेवायचा आणि कडक केल्यावर होनिंग करून (आतून बारीक घासून) ५.०० वर आणायचा. टूल रूमवाल्यांना हा क्रम लिहूनच द्या. तोंडी सांगितलं की बहुतेक वेळा बोअर आधीच पूर्ण करून मिळतो.

बेरिलियमची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. कोरडं ग्राइंडिंग अजिबात नको. कूलंट सोडूनच काम, आणि बुरादा पुसून बंद पिशवीत. आधी ड्रॉइंगवर हे ठळक लिहा, मग मापं.

५ मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ १९.६ चौरस मिलिमीटर, म्हणून १ गिगापास्कलला १९.६ किलोन्यूटन, म्हणजे बरोबर २ टनांचा भार लागतो. बाहेरचा आणि आतला व्यास यांचं गुणोत्तर ५ आहे आणि कडक केलेल्या मालाचं यील्ड सामर्थ्य (ज्या ताणानंतर धातू कायमचा ताणला जातो) सुमारे १.१५ गिगापास्कल. हिशेब केला तर आतली भिंत ०.५५ गिगापास्कललाच यील्ड व्हायला लागते आणि संपूर्ण जाडी १.८५ ला जाते. म्हणून नवा सेल पहिल्यांदा सॅम्पलशिवाय १.२ गिगापास्कलपर्यंत चढवा, तासभर ठेवा, उतरवा आणि बोअर पुन्हा होन करा. आतला थर असा एकदा ताणला गेला की बाहेरचा थर त्याला दाबून धरतो, आणि पुढे १ गिगापास्कलपर्यंत बोअर फुगत नाही. त्यावर जाऊ नका.

पिस्टन टंगस्टन कार्बाइडचा, ४.९८ मिलिमीटर. कार्बाइडमध्ये थोडं कोबाल्ट असतं आणि ते चुंबकीय आहे, म्हणून पिस्टनचं टोक कॉइलपासून निदान ५ मिलिमीटर दूर राहील अशी रचना करा. टूल-स्टीलचा पिस्टन इथे चालत नाही. त्याचा संकेत सॅम्पलला गिळून टाकतो.

कॉइल आणि तारा

प्रायमरी कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र देते आणि सेकंडरी कॉइलमध्ये सॅम्पलचा संकेत उमटतो. जागा फार थोडी आहे. टेफ्लॉनची कॅप्सूल बाहेरून ५, आतून ४ मिलिमीटर, आतली खोली १८ मिलिमीटर. दाब चढताना तेल आणि टेफ्लॉन मिळून ३ ते ४ मिलिमीटर आखडतात. म्हणून कॉइल आणि दाब मोजणारी मँगॅनिनची तार मिळून १२ मिलिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर कॅप्सूलचा तळ कॉइलवर टेकतो आणि तारा चुरगळतात.

२ मिलिमीटर बाह्यव्यासाची पातळ कॅप्टनची (उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकची) नळी घ्या. तिच्यावर ०.०८ मिलिमीटरच्या एनॅमल तारेने दोन सेकंडरी गुंडाळा, प्रत्येकी ४ मिलिमीटर लांब, ३ थरांत १२० फेरे. मध्ये १ मिलिमीटर मोकळी जागा सोडा आणि दुसरी सेकंडरी उलट्या दिशेने गुंडाळा. त्यावर ९ मिलिमीटर लांबीची प्रायमरी, २ थरांत २०० फेरे. वाइंडिंग भिंगाखाली करा. प्रत्येक थरानंतर पातळ वार्निश लावा आणि वाळू द्या. वार्निश ओलं असताना पुढचा थर चढवला तर फेरे घसरतात आणि दोन्ही सेकंडरी सारख्या राहत नाहीत.

सॅम्पल एका सेकंडरीत ठेवायचं, दुसरी रिकामी. प्रायमरीतून ५ मिलिअँपिअर आणि ३२३ हर्ट्झ द्या. सॅम्पल नसताना प्रत्येक सेकंडरीत सुमारे १४० मायक्रोव्होल्ट तयार होतात आणि दोन्ही एकमेकांना खोडतात; उरलेला संकेत १० मायक्रोव्होल्टपेक्षा कमी असावा. जास्त असेल तर मोठ्या सेकंडरीचे एक-दोन फेरे सोडा. सॅम्पल फेरोमॅग्नेटिक असताना शंभर-दोनशे मायक्रोव्होल्ट मिळतात. ३२३ ही वारंवारिता ५० च्या पटीत येत नाही, त्यामुळे घरगुती विजेचा गुणगुणाट टळतो. जास्त वारंवारितेचा मोह टाळा. सेलच्या भिंतीतले एडी करंट (बदलत्या क्षेत्राने धातूत फिरणारे प्रवाह) वाढतात, आणि तापमानाबरोबर भिंतीचा रोध बदलला की तळरेषा सरकते.

दाब मोजायला मँगॅनिनची तार. तांबं, सुमारे १२ टक्के मँगनीज आणि थोडं निकेल असा हा मिश्रधातू आहे. मनसर-कांद्रीच्या खाणींमुळे आणि मॉइल या खाण कंपनीमुळे मँगनीज हे नाव नागपूरकरांना खनिज म्हणून ओळखीचं आहे. इथे तेच मूलद्रव्य सॅम्पलमध्येही बसलंय आणि मोजपट्टीतही. ०.०५ मिलिमीटर जाडीच्या तारेचे २० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ५० ओहम. तार दुहेरी करून गुंडाळा, म्हणजे कॉइलच्या क्षेत्रामुळे तिच्यात व्होल्टेज तयार होत नाही. गुंडाळल्यावर १४० अंशांवर एक दिवस ठेवून ताण काढा आणि मग बऱ्यापैकी दाबाखाली दोन-तीनदा चढ-उतार करून स्थिरावू द्या. रोध १ गिगापास्कलला सुमारे २.४ टक्के वाढतो, म्हणजे इथे १.२ ओहम. ०.०१ ओहमपर्यंत वाचता आलं की दाब ०.०१ गिगापास्कलपर्यंत कळतो. ही तार साधारण २५ अंशांजवळ तापमानाला उदासीन असते, ० किंवा ७५ वर तितकी नसते. म्हणून शून्य दाबाला, −१० ते ८० अंशांपर्यंत, तिचा रोध आधी मोजून ठेवा आणि तो तक्ता प्रत्येक वाचनातून वजा करा.

प्रेसच्या गेजवरून दाब काढू नका. पिस्टन, सीलच्या कड्या आणि टेफ्लॉन यांच्या घर्षणात १० ते २० टक्के भार सहज हरवतो. शिवाय दाब चढवताना गेज जास्त दाखवतो आणि उतरवताना कमी. नट आवळून सेल प्रेसमधून काढला की गेजचा आकडा निरर्थकच होतो. फक्त गेजवर काढलेल्या उताराला कोणताही जाणकार परीक्षक अर्थ देणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

तारा बाहेर काढणं

मँगॅनिनच्या चार, प्रायमरीच्या दोन, सेकंडरीच्या दोन, अशा आठ तारा सेलचं एक टोक बंद करणाऱ्या प्लगमधल्या १.२ मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर येतात. सगळ्या प्रयोगात सर्वाधिक अपयश इथे येतं. छिद्र आतल्या बाजूला शंकूसारखं रुंद करा आणि भिंत खरखरीत करा. एसीटोनने दोनदा धुवा. तारा जोडीजोडीने पिळा, पण एनॅमल खरवडू देऊ नका.

भरायला स्टायकास्ट २८५०एफटी ही इपॉक्सी वापरा. डब्यात तिचा जड भाग तळाला बसलेला असतो. काचेच्या दांड्याने तळापासून ढवळल्याशिवाय थेंबही काढू नका. तिला घट्ट करणारं कॅटॅलिस्ट ९ वजनाने १०० ला ३.५ भाग. १० ग्रॅम रेझिनला ०.३५ ग्रॅम, म्हणजे अगदी काही थेंब, म्हणून मिलिग्रॅम वाचणारा काटाच लागतो. डोळ्यांनी मोजलेलं मिश्रण मऊ राहतं आणि ०.३ गिगापास्कलला तारांसकट बाहेर ढकललं जातं. मिसळल्यावर निर्वातात बुडबुडे काढा. २५ अंशांना पाऊणएक तास वेळ मिळतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तो बराच कमी होतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटे करा किंवा रेझिनचा डबा आधी थंड करून घ्या. मात्र थंड डबा लगेच उघडला तर आत दव बसतं. खोलीच्या तापमानाच्या जवळ येऊ द्या, मग उघडा. एक दिवस तसाच ठेवून नंतर ८० अंशांवर २ तास भाजा. ही भाजणी गॅडोलिनियमसाठी नसली तरी चालेल, पण निकेल-मँगनीज-टिनसाठी सेल ७५-८० अंशांवर जाणार आहे आणि न भाजलेली स्टायकास्ट तिथे सैल पडते.

भरणं आणि दाब चढवणं

कॅप्सूल डॅफ्ने ७३७३ तेलाने काठोकाठ भरा. खोलीच्या तापमानाला हे तेल २.२ गिगापास्कलपर्यंत द्रव राहतं, त्यामुळे आपल्या सगळ्या पट्ट्यात दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो. कॉइल आणि सॅम्पल तिरक्या कॅप्सूलमध्ये हळू उतरवा, म्हणजे हवा वर निघून जाईल. एक बुडबुडा राहिला तरी पिस्टनची चाल त्यातच खर्ची पडते. टेफ्लॉनच्या दोन्ही टोकांना त्रिकोणी काटछेदाची बेरिलियम-कॉपरची कडी बसवा. कडी नसेल तर टेफ्लॉन पिस्टनशेजारच्या फटीतून शेवईसारखं बाहेर येतं.

सेलच्या अक्षाच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. पिस्टन तुटला तर तो त्याच रेषेत येतो. प्रेससमोर १० मिलिमीटर पॉलिकार्बोनेट लावा. साधं अ‍ॅक्रिलिक फुटतं, ते नको.

भार ०.२ टनाच्या टप्प्याने वाढवा, म्हणजे दर टप्प्याला साधारण ०.१ गिगापास्कल. प्रत्येक टप्प्यावर १० मिनिटं थांबून मँगॅनिन वाचा आणि आठही तारांची जोडणी तपासा. ठरलेल्या दाबाला नट आवळा आणि भार सोडा. नट बसताना दाब थोडा कमी होतो. तो किती उरला ते मँगॅनिन सांगेल. ०, ०.२, ०.४, ०.६ आणि ०.८ असे पाच बिंदू पुरेसे आहेत.

गॅडोलिनियमसाठी ग्लायकॉल आणि पाण्याचं ४०:६० मिश्रण घेऊन −१० ते ३५ अंश, आणि संयुगासाठी ५० ते ८० अंश. तापमानाचा वेग मिनिटाला ०.३ अंशांपेक्षा जास्त नको. सेलचं वस्तुमान पाव किलो आहे आणि थर्मोमीटर बाहेर लावलाय, त्यामुळे आतलं सॅम्पल मागे पडतं. चढतीला आणि उतरतीला दोन्ही वेळा नोंद घ्या. दोन वक्र एका अंशाहून जास्त लांब असतील तर वेग अर्धा करा. सेल तापला की तेल फुगून आतला दाब वाढतो, म्हणून प्रत्येक क्युरी तापमानापुढे त्याच क्षणाचा मँगॅनिनचा दाब लिहा, सकाळी नट आवळताना वाचलेला नव्हे.

जुलै-ऑगस्टमध्ये थंड सेलवर दव धरतं आणि तारांच्या जोडांतून गळती सुरू होते. कूलर लावलेल्या खोलीत उन्हाळ्यातही तेच होतं. सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसह बंद करून बुडवा.

क्युरी तापमान काढायला संकेत जिथे सर्वात वेगाने पडतो तो बिंदू घ्या. पडत्या भागाला स्पर्शिका काढून तळरेषेशी छेद घेतला तरी चालतं. पण पहिल्या दिवशी जी रीत धराल तीच शेवटपर्यंत ठेवा, कारण दोन रीतींमध्ये एखाद्या अंशाचा फरक पडतो आणि तो ०.१ गिगापास्कलच्या परिणामाइतकाच असतो.

वर जाताना घेतले तेवढेच बिंदू खाली येतानाही घ्या. शून्यावर परतल्यावर क्युरी तापमान मूळ आकड्याला ०.३ अंशात जुळलं पाहिजे. जुळलं नाही, आणि संक्रमणही आधीपेक्षा रुंद दिसलं, तर सॅम्पल कॉइलला किंवा भिंतीला टेकून वाकलं आहे. रुंदी तीच असून आकडा सरकला असेल तर थर्मोमीटर किंवा मँगॅनिनचं शून्य हललंय. संकेत दोन्ही टोकांना सारखाच कमी झाला असेल तर सेकंडरीचा एखादा फेरा शॉर्ट आहे.

आकड्यांचा अर्थ

गॅडोलिनियमचा उतार १ गिगापास्कलला उणे १५ केल्विनच्या जवळ यावा. १२ ते १७ च्या बाहेर गेला तर आधी दाबाची मोजणी तपासा. हा धातू मऊ आहे. १ गिगापास्कलला त्याचं घनफळ अडीच टक्क्यांच्या आसपास घटतं. निकेल-मँगनीज-टिन कित्येक पटींनी ताठर आहे, म्हणून त्याची चढ काही केल्विनांचीच असते आणि तिथे थर्मोमीटरची अचूकता जास्त महत्त्वाची.

दिशा उलट का, हे अणूंच्या अंतरात आहे. निकेल-मँगनीज-टिनमध्ये दोन शेजारी मँगनीज सुमारे ४.३ अँगस्ट्रॉम दूर असतात, म्हणजे थेट जुळणीसाठी फार लांब. त्यांचा दुवा वाहक इलेक्ट्रॉन आणि मधल्या अणूंमधून जातो, आणि दाबाने अंतर घटलं की तो घट्ट होतो. मँगनीज सिलिसाइडमध्ये चित्र वेगळं. तिथे चुंबकत्व पट्ट्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं आहे. दाबाने पट्टा रुंदावतो, अणूंचं चुंबकीय आघूर्ण क्षीण होतं, आणि २९ केल्विनचं संक्रमण सुमारे १.४६ गिगापास्कलला शून्यावर येतं. क्रोमियम आर्सेनाइडमध्ये २६५ केल्विनच्या आसपासची चुंबकीय रचना १ गिगापास्कलच्या आतच मोडते आणि तिच्या जागी २ केल्विनजवळ अतिवाहकता उभी राहते. हे २०१४ मध्ये दिसलं. संक्रमण झटक्याचं असेल, जसं लोह-रोडियममध्ये, तर उतार घनफळातल्या फरकाला एन्ट्रॉपीतल्या फरकाने भागून मिळतो. लोह-रोडियमची तापल्यावरची फेरोमॅग्नेटिक अवस्था सुमारे १ टक्का मोठी आहे, त्यामुळे दाब लहान अवस्थेच्या बाजूने उभा राहतो आणि संक्रमण वर सरकतं.

मँगनीज सिलिसाइडसारख्या, फार थंडीत मोजायच्या संयुगांसाठी इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममध्ये प्रस्ताव पाठवता येतो. विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच ती सोय आहे. तिथे जाताना दोन गोष्टी बदलतात. डॅफ्ने तेल गोठताना खोलीच्या तापमानाला लावलेल्या दाबातले ०.१५ ते ०.२ गिगापास्कल निघून जातात, म्हणून तेवढं जादा चढवून निघा. आणि मँगॅनिनऐवजी सॅम्पलशेजारी शिशाचा छोटा तुकडा ठेवा. त्याचं अतिवाहक संक्रमण ७.२ केल्विनला आहे आणि १ गिगापास्कलला ०.३७ केल्विनच्या आसपास उतरतं, त्यामुळे थंड अवस्थेतला खरा दाब त्यावरून थेट वाचता येतो.